फारशीतलं बॅनर छापून घेतलं, ४ स्टार
सोलापुरात चार हुतात्मा पुतळ्याजवळच्या गल्लीत स्क्रीन प्रिंटिंगचं छोटं दुकान आहे, बोर्ड पण धड दिसत नाही. २०२२ ला भाची बर्लिनला शिकायला होती, तिची रूममेट इराणची. महसा अमिनी ही इराणी पोरगी, हिजाब नीट घातला नाही म्हणून पकडलेली, १६ सप्टेंबरला पोलिसांच्या ताब्यात असताना गेली, तिकडं इराणात पोरींवर गोळ्या चालत होत्या अन् बाहेरदेशी राहणारे इराणी रस्त्यावर उतरले, २२ ऑक्टोबरला बर्लिनात ८० हजार लोक जमले म्हणे. भाची म्हणाली मामा, सोलापुरी सुती कापडावर "झन, झिंदगी, आझादी" (बाई, जगणं, स्वातंत्र्य, ही त्या आंदोलनाची घोषणा) फारशीत छापून पाठव की.

पहिल्या प्रूफला घोळ, कॉम्प्युटरनं अक्षरं सुटी सुटी अन् उलटी टाकलेली, मला काय कळतंय ओ! शेजारचे उर्दू वाचणारे चाचा चहा प्यायला आलते, त्यांनीच पकडलं. दुकानदारानं एक पैसा जास्त न घेता नवीन स्क्रीन बनवली. अर्थ विचारला, सांगितला तर म्हणाला आपल्याकडं सोलापुरात पण १९३० ला इंग्रजांचा मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, होता की.

रंग पक्का, धुऊन पण गेला नाही. एक स्टार कापला कारण चार दिवस लेट, बॅनर पोचेपर्यंत मोर्चा होऊन गेलता, पुढच्याला वापरलं.