क्रिटा आणि साधा पेन टॅब्लेट: पैठणीच्या डिझाईनसाठी सहा महिने वापरून

माझे मामा येवल्याला पैठणी विणतात आणि मी नाशिकला आयटीत नोकरी करते, त्यामुळे हा रिव्ह्यू चित्रकारांपेक्षा विणकामाची डिझाईन काढणाऱ्यांच्या जास्त कामाचा आहे. क्रिटा हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर, ओपन सोर्स आणि पूर्ण फुकट, म्हणजे क्रॅक व्हर्जन शोधत बसायचं कामच नाही. माझ्या साध्या लॅपटॉपवर नीट चालतं.

मामा इतकी वर्षं ग्राफ पेपरवर डिझाईन काढायचे, एक चौकोन म्हणजे एक धागा, चुकलं की खोडरबर आणि तोच पोपट दुसऱ्या बाजूला तोंड करून हवा असेल तर पुन्हा पहिल्यापासून चौकोन मोजा. क्रिटात मिरर चालू केला की एका बाजूला काढलेलं दुसऱ्या बाजूला आपोआप उमटतं, हे बघून मामा पाच मिनिटं नुसत्या रेघा मारत बसले होते.

पण पहिलं डिझाईन माझं पार फसलं. मी मस्त मऊ ब्रश घेतला, चोच काय सुंदर गोल आली होती, मामांनी झूम करायला लावलं आणि चोचीच्या कडेच्या फिकट लाल चौकोनावर बोट ठेवून विचारलं, "अगं, हा रंग कुठल्या कांडीचा?" कांडी म्हणजे एका रंगाचा धागा गुंडाळलेली नळी. मला उत्तरच देता येईना. कड गुळगुळीत दिसावी म्हणून सॉफ्टवेअर मधले रंग स्वतःच भरतं, आणि मागावर धागा एकतर लाल असतो नाहीतर हिरवा, अर्धा लाल धागा नसतोच. मग पिक्सेल आर्टवाले ब्रश घेतले, त्यात मधले रंग येत नाहीत, आणि ती चोच नऊ चौकोनांत बसवायला अख्खी संध्याकाळ गेली. कुठला चौकोन काढला की पोपट कावळा होतो हे मामांना बघताक्षणी कळतं, मला अजून कळत नाही.

हे "एकतर हे नाहीतर ते, मधलं काही नाही" मला ओळखीचं वाटलं कारण आमच्या कॉम्प्युटरचं मूळच तिथे आहे. जकार्ड नावाच्या विणकराने 1804 च्या सुमारास फ्रान्समध्ये पुठ्ठ्याच्या कार्डांवर चालणारा माग आणला, कार्डाला भोक असेल तिथला धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. इंग्रज गणितज्ञ बॅबेजने आपल्या गणिती यंत्रासाठी हीच कार्डं घेतली आणि त्या यंत्रावर टिपणं लिहिणाऱ्या एडा लव्हलेसने 1843 मध्ये लिहिलं की जकार्डचा माग जशी फुलं पानं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताच्या नक्ष्या विणेल. मामांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे तुझा पगार आमच्या धंद्यातून आला." मला ते अगदी पटलं.

बुट्ट्यांसाठी रॅप अराऊंड मोड जरूर वापरा, डब्ल्यू दाबला की एकच बुट्टी चारी बाजूंना पसरलेली दिसते, सांधा कुठे तुटतोय ते लगेच कळतं. याच एका गोष्टीसाठी मी क्रिटा कुणालाही सुचवीन.

टॅब्लेट म्हणजे लॅपटॉपला जोडायची पाटी, तिच्यावर पेन फिरवला की रेघ लॅपटॉपच्या स्क्रीनवर उमटते. माझा बिनस्क्रीनचा, एमजी रोडवरच्या एका दुकानातून घेतला, साडेतीन हजारांना. जास्तीच्या निब डब्यात असतात म्हणून सांगितलं होतं, घरी येऊन बघते तर एकही नाही, आणि परत गेले तर बिलाशिवाय ऐकून घेईनात. बिल मी मागितलंच नव्हतं, तुम्ही मागा. तीन महिन्यांत निब एका बाजूने घासली, नवीन ऑनलाईन मागवावी लागली. बाकी पेन हलका आहे, मामांचा हात दोन दिवसांत बसला.

रंगांचं मात्र स्क्रीनवर भागत नाही. उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असला की कापडाला जी धूपछाँव येते, ती मी एकाआड एक चौकोन रंगवून करून बघितली, दुरून थोडीफार जमते पण साडी हातात फिरवली की रंग जो पलटतो तो नाही येत. त्यामुळे रंग अजूनही रेशमाच्या लडी उन्हात धरूनच ठरतात, डिझाईन तेवढं लॅपटॉपवर. आता मामांना काठासाठी मुनियांची जोडी हवी आहे, चोच सात चौकोनांत बसव म्हणालेत.