बोलोन्या शहर आणि तिथले स्थानिक गाईड : नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

माझ्या यजमानांना इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठात संशोधनासाठी नेमणूक मिळाली आणि ऑक्टोबर ते जून असे नऊ महिने आम्ही त्या शहरात राहिलो. या काळात मी सात वेळा स्थानिक गाईडबरोबर शहर पाहिले. पहिल्या फेरीनंतर लगेच लिहिले असते, तर केवळ कौतुकच लिहिले गेले असते. गाईडने सांगितलेल्यातले काय मनात टिकले आणि काय विरून गेले, हे त्याच रस्त्यांवरून रोज भाजी आणायला जाताना हळूहळू कळते, म्हणून मी मुक्काम संपेपर्यंत थांबले.

सुरुवात चांगली झाली नाही. पहिल्याच आठवड्यात आम्ही तीस-बत्तीस जणांच्या एका गटात नाव नोंदवले. कानात घालायला दिलेल्या यंत्रातून निम्मे शब्द ऐकू येत नव्हते, प्रत्येक चौकात पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबणे नव्हते आणि शेवटी सगळ्यांना खाद्यपदार्थांच्या एका दुकानात नेऊन सोडले. त्या दोन तासांतले मला आज जवळजवळ काहीही आठवत नाही. त्यानंतर आम्ही ओळखीच्या दोन भारतीय कुटुंबांबरोबर मिळून परवानाधारक गाईड ठरवू लागलो. इटलीत या कामासाठी परीक्षा देऊन परवाना मिळवावा लागतो आणि त्याचे ओळखपत्र गाईडजवळ असते. आम्ही तीन तासांचे १८० युरो दिले. ही रक्कम माणशी नसून संपूर्ण गटाची असते, त्यामुळे सहा जणांत ती मुळीच जड वाटली नाही.

ज्यांच्याबरोबर आम्ही पुढच्या चार फेऱ्या केल्या, त्या बाई मूळच्या बोलोन्याच्याच आणि याच विद्यापीठात शिकलेल्या होत्या. त्यांनी आरंभीच सांगितले की विद्यापीठाच्या स्थापनेचे १०८८ हे साल सगळीकडे छापलेले दिसते, परंतु ते १८८८ मध्ये आठशे वर्षांचा सोहळा करायचे ठरले तेव्हा कवी जोझुए कार्दुच्ची यांच्या अध्यक्षतेखालील समितीने निश्चित केलेले आहे. त्या वर्षी कोणी कोनशिला बसवलेली नव्हती. हे ऐकल्यावर त्यांच्या पुढच्या प्रत्येक वाक्यावर माझा विश्वास बसत गेला. गाईड पारखण्याची माझी कसोटी त्या दिवशी ठरली: दंतकथा कोणती आणि कागदोपत्री नोंद कोणती, हे जो आपणहून वेगळे करून सांगतो, तो गाईड चांगला.

पोर्तिकोंची फेरी त्यांनी याच पद्धतीने केली. पोर्तिको म्हणजे घराच्या पुढच्या अंगाला असलेली कमानींची ओसरी. शहरात अशा ओसऱ्यांची एकूण लांबी सुमारे ६२ किलोमीटर भरते आणि २०२१ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा यादीत घेतले. त्या आल्या कुठून? विद्यार्थी आणि कारागीर लोंढ्याने शहरात येऊ लागले, राहायला जागा पुरेना, तेव्हा लोकांनी वरचे मजले रस्त्यावर पुढे काढले आणि ते पेलण्यासाठी खाली खांब दिले. १२८८ मध्ये शहराने नियम केला की पोर्तिको बांधायचा आणि राखायचा घरमालकाने, मात्र त्याखालची वाट सर्वांची राहील. स्ट्राडा माज्जोरेवरच्या कोर्ते इझोलानीपाशी ओकच्या लाकडाचे जवळजवळ नऊ मीटर उंच खांब आजही उभे आहेत. बाईंनी आम्हाला त्या खांबावर हात ठेवायला सांगितले. लाकडाच्या उभ्या भेगा इतक्या खोल आहेत की बोटाचे टोक आत जाते, आणि हाताच्या उंचीवरचा भाग माणसांच्या स्पर्शाने गुळगुळीत झालेला आहे. वर छतात रुतलेल्या तीन बाणांची गोष्ट त्यांनी रंगवून सांगितली आणि ‘ही मात्र गोष्टच आहे बरे’ असेही लगेच बजावले. पुढे पावसाळी दिवसांत छत्री न घेता याच ओसऱ्यांखालून अर्धे शहर ओलांडताना तेराव्या शतकातला तो नियम मला रोज आठवत असे.

विद्यापीठाची फेरी दोन भागांत घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. एका दिवसात ते पेलत नाही. पहिला भाग आर्किजिन्नाझिओ या वास्तूचा. सुरुवातीच्या शतकांत इथे ‘विद्यापीठ’ म्हणजे इमारत नव्हती, तर विद्यार्थ्यांचा संघ होता. शिक्षकांची नेमणूक आणि त्यांचे मानधन विद्यार्थी ठरवत, आणि वर्ग उशिरा सुरू करणाऱ्या शिक्षकाला दंड होत असे. वर्ग शिक्षकांच्या घरी किंवा भाड्याच्या जागेत भरत. सर्वांना एका छताखाली आणणारी ही वास्तू १५६३ मध्ये उभी राहिली. तिच्या भिंतींवर आणि छतांवर विद्यार्थ्यांची सुमारे सहा हजार कुलचिन्हे आहेत. सतराव्या शतकातले शरीरशास्त्राचे लाकडी सभागृह, जिथे मधल्या संगमरवरी मेजावर शवविच्छेदन होत असे, तेही इथेच आहे. ते पाहताना बाईंनी पिशवीतून एक जुने छायाचित्र काढले. २९ जानेवारी १९४४ रोजी बॉम्बहल्ल्यात हे सभागृह कोसळले होते, आणि आज आपण पाहतो ते ढिगाऱ्यातून वेचलेले मूळ तुकडे वापरून पुन्हा उभारलेले आहे. छायाचित्र हातात धरून समोरच्या भिंतीकडे पाहिल्यावर, सोललेल्या त्वचेचे तिथले दोन प्रसिद्ध लाकडी पुतळे मला अगदी वेगळे दिसू लागले.

दुसरा भाग झांबोनी रस्त्यावरच्या पालाझ्झो पोज्जी संग्रहालयाचा. माझ्या दृष्टीने नऊ महिन्यांतली ही सर्वांत मोलाची सकाळ. अठराव्या शतकात जोव्हान्नी आंतोनिओ गाल्ली या वैद्याने प्रसूतिशास्त्र शिकवण्यासाठी तयार करवून घेतलेल्या गर्भाशयाच्या मातीच्या प्रतिकृती तिथे ओळीने मांडल्या आहेत: बाळ आडवे आलेले, पायाळू, नाळ गळ्याभोवती पडलेली. शिकणाऱ्यांमध्ये सुइणीही होत्या. शिकणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून, केवळ हाताच्या अंदाजाने त्याच्याकडून प्रसूतीचा सराव करून घेतला जाई. माझी आई जन्मभर प्रसूतिगृहात परिचारिका होती आणि ‘आमचे डोळे बोटांत असतात’ हे तिचे नेहमीचे वाक्य. त्या कपाटासमोर मी बराच वेळ उभी राहिले आणि बाईंनी घाई केली नाही. पुढच्या दालनात आन्ना मोरांदी या मेणाच्या शरीरप्रतिकृती घडवणाऱ्या स्त्रीने स्वतःचे केलेले मेणाचे शिल्प आहे. अंगावर लेस लावलेली उंची वस्त्रे आणि दागिने, आणि समोर उघडलेला मेंदू. याच शहरात १७३२ मध्ये लाउरा बास्सी विसाव्या वर्षी पदवी घेऊन विद्यापीठात अध्यापक झाली, हे बाईंनी आम्हाला त्या शिल्पापाशीच सांगितले.

सान पेत्रोनिओ चर्चच्या फरशीवर आखलेल्या मध्यान्हरेषेसाठी आम्ही खगोलशास्त्र शिकलेला एक तरुण गाईड घेतला. जोव्हान्नी दोमेनिको कास्सिनी या खगोलशास्त्रज्ञाने १६५५ मध्ये आखलेली ही रेषा सुमारे ६७ मीटर लांब आहे. छतात सुमारे २७ मीटर उंचीवर एक छिद्र आहे आणि त्यातून येणारा सूर्याचा कवडसा दर मध्यान्ही ही रेषा ओलांडतो. कास्सिनीने या कवडशाचा आकार वर्षभर मोजून ग्रहांच्या गतीविषयीच्या केप्लरच्या सिद्धांताला पुष्टी मिळवली. आमच्या ठरलेल्या दिवशी दाट धुके होते आणि काहीच दिसले नाही. तेव्हा त्या गाईडने, पुढच्या उन्हाच्या दिवशी पैसे न घेता पंधरा मिनिटे येईन, असे सांगितले आणि तो खरोखर आला. डिसेंबरात साधारण सव्वाबाराला रेषेच्या दूरच्या टोकाकडे माणसाच्या उंचीएवढा लांबट कवडसा फरशीवरून सरकताना नुसत्या डोळ्यांनी दिसतो. जूनमध्ये, घड्याळ एक तास पुढे केलेले असल्यामुळे सव्वाच्या सुमारास, तोच कवडसा छिद्राच्या बाजूला जेवणाच्या ताटाएवढा गोल होतो. दोन्ही पाहता आले, हे दीर्घ मुक्कामाचे भाग्य.

खाद्यफेरीबद्दल थोडक्यात. शाकाहारी माणसाने गाईडला आधीच स्पष्ट कल्पना द्यावी, कारण तोर्तेल्लिनी या सारण भरलेल्या छोट्या पास्त्यात डुकराचे मांस असते आणि रस्सा मांसाचाच असतो. रिकोत्ता हे ताजे चीज भरलेले मोठे तोर्तेल्लोनी मात्र उत्तम मिळतात. हातभर लांब लाटण्याने पास्त्याची पोळी लाटणाऱ्या ‘स्फोल्यिना’ बाईंनी ती उजेडात धरून दाखवली. तिच्या आरपार डोंगरावरचे सान लुका हे चर्च दिसले पाहिजे, अशी तिथली म्हण आहे. त्या सान लुकापर्यंत ६६६ कमानींचा पोर्तिको जातो. तो चढायला गाईडची गरज नाही, पाणी आणि चांगल्या चपला पुरेत.

दोन झुकलेल्या मनोऱ्यांबद्दल अपेक्षा ठेवून जाऊ नये. त्यांपैकी गारिझेंदाच्या डागडुजीमुळे ऑक्टोबर २०२३ पासून भोवतीचा भाग बंद केलेला आहे आणि दुसऱ्या, आझिनेल्ली मनोऱ्याच्या ४९८ पायऱ्याही आम्हाला चढता आल्या नाहीत. दोन दिवसच हाताशी असतील, तर पहिल्या सकाळी पोर्तिको आणि आर्किजिन्नाझिओ गाईडबरोबर पाहावेत, दुपारी तेच रस्ते पुन्हा एकट्याने चालावेत आणि दुसरी सकाळ संपूर्णपणे पालाझ्झो पोज्जीसाठी राखावी. सोमवारी अनेक संग्रहालये बंद असतात, तेवढे पाहून गाईडची तारीख ठरवावी.