पहिलं ऑर्किड घ्यायचंय? ब्रासावोला नोडोसा बघा

गोव्यातल्या फोंड्यात आमचा फ्लॅट दुसऱ्या माळ्यावर. बाल्कनी पूर्वेला, त्यातली अर्धी जागा वॉशिंग मशीनने अडवलेली. एवढ्याशा जागेत पहिलं ऑर्किड कुठलं लावू, असं कोणी विचारलं की मी ब्रासावोला नोडोसा सांगते आणि समोरच्या बाईचा चेहरा पडतो. फोटोत ते काही भाव खाऊन जात नाही. लोकांना हवं असतं जांभळं, टपोरं, दुकानात रिबीन बांधून ठेवलेलं फॅलेनॉप्सिस.

ब्रासावोलाची पानं म्हणजे कांद्याची जाड, कडक पात, मधोमध खाच असलेली. वीत-दीड वीत उंची, चार इंची कुंडीत मजेत मावतं. फूल पांढरं. खालची पाकळी पत्त्यातल्या बदामाच्या आकाराची आणि चांगली रुंद, घशाशी बारीक जांभळे ठिपके. बाकीच्या पाकळ्या हिरवट, लांब आणि इतक्या अरुंद की घाईत त्या पानातच धरल्या जातात. दिवसा नाक लावा, काही नाही. खरा माल दिवेलागणीनंतर. आमच्या सासूबाई देवापुढे दिवा लावून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अगो, कसला गं हा वास? अत्तर सांडलंस की काय?" लिंबाच्या फुलासारखा, पण गोडसर. हे फूल रात्री फिरणाऱ्या पतंगांसाठी उमलतं, म्हणून सगळा कारभार अंधार पडल्यावर. ऑफिसातून सातला घरी पोचणाऱ्या माझ्यासारखीला हे वेळापत्रक फार सोयीचं.

गोव्यात हे का जमतं, तर ते मूळचं आपल्यासारख्याच हवेतलं. मेक्सिकोपासून व्हेनेझुएलापर्यंतच्या किनारपट्टीवर, खारफुटीच्या झाडांवर आणि समुद्राकाठच्या खडकांवर वाढणारं. उकाडा, दमट हवा, खारा वारा, सगळं त्याच्या अंगवळणी पडलेलं. उलट फॅलेनॉप्सिस आपल्याकडे मरत नाही, पण रुसतं. त्याला फुलांचा नवा दांडा काढायला काही आठवडे दिवसासुद्धा २५ अंशांच्या खालचा गारवा लागतो, आणि आपल्याकडे जानेवारीतही दुपारी पारा तिशी ओलांडतो. म्हणजे दुकानातून आणलेली फुलं गळली की पुढे नुसती पानं पुसत बसायचं. भेट म्हणून द्यायला छान, शिकायला नाही.

आता खरेदीचं. माझं रोप ऑनलाइन आलं, साडेपाचशे रुपये अधिक कुरिअर. रोप उत्तम, पॅकिंग मात्र भयंकर. मुळांभोवती ओला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असा ठासून भरलेला की तसंच ठेवलं असतं तर आठवड्यात कुजलं असतं. विक्रेत्याला फोन केला तर उत्तर आलं, "सगळ्यांना असंच पाठवतो." म्हणून घरी आल्या आल्या कोकोपीट धुऊन काढा आणि कोळशाचे व मंगळुरी कौलांचे सुपारीएवढे तुकडे भरून त्यात लावा. सोडणं, म्हणजे नारळाची सालं, आपल्याकडे फुकट मिळतात म्हणून भरायचा मोह होतो, पण ती पावसात पाणी धरून बसतात.

नर्सरीत निवडताना पानांकडे नंतर बघा, आधी बुडाशी बघा. एखाद्या जुन्या पानाच्या मुळाशी सुकलेल्या दांड्याची काडी चिकटलेली दिसली तर ते झाड फुलून गेलेलं आहे, तेच उचला. स्वस्तातलं बोटभर रोपटं घेतलंत तर फुलासाठी काही वर्षं वाट बघावी लागेल आणि नवशिक्याचा उत्साह तेवढा टिकत नाही. पान किंचित फिकट हिरवं असेल तर चांगलंच, उजेड भरपूर मिळाल्याची ती खूण. गडद हिरवीगार पानं दिसायला तजेलदार, पण सावलीत वाढलेली झाडं फुलायला कुचराई करतात.

पाण्याचं गणित मुळंच सांगतात. कोरडं मूळ चांदीसारखं पांढुरकं असतं. त्यावर पाणी घातलं की बघता बघता हिरवं होतं, फक्त टोक आधीपासूनच पोपटी. पांढरं दिसलं की पाणी, हिरवं असेल तर हात मागे. उन्हाळ्यात मी रोज सकाळी घालते. खत १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं), लिटरभर पाण्याला अर्धा ग्राम, आठवड्यातून एकदा, तेही नवं पान वाढत असताना. जास्त घातलंत तर मुळांची टोकं जळतात.

पावसाळा हीच खरी परीक्षा. जून ते सप्टेंबर सरळ पावसात ठेवू नका, कठड्यापासून आत, वारा लागेल अशा जागी टांगा. टांगण्याचा आणखी एक फायदा म्हणजे गोगलगाई सहज पोचत नाहीत. त्या मेल्या रात्रीत पोपटी टोकं चाटूनपुसून खातात.

देवाला रोज फूल हवं असेल तर हे घेऊ नका, त्यापेक्षा बुटकं डेंड्रोबियम घ्या. तेही आपल्या हवेत चालतं, रंग भरपूर आणि फुलं जास्त दिवस टिकतात. फक्त वास नाही म्हटलं तरी चालेल. आणि चोर्ला घाटाच्या बाजूला झाडावर सीतेची वेणी, म्हणजे आपलं रानातलं ऑर्किड, लोंबताना दिसली म्हणून ओरबाडून आणू नका. ती जंगलातच शोभते आणि कुंडीत तिला हलवलेलं अजिबात खपत नाही.

नोडोसा कुठे मिळालं नाही तर 'लिटल स्टार्स' विचारा. नोडोसाचाच संकर, फूल थोडं लहान पण झुपका दाट, वास तसाच रात्रीचा. पाचशे-सातशेच्या आत फुललेलं झाड मिळत असेल तर घासाघीस न करता घेऊन टाका.