बार्सिलोनातील 'भाषा-जोडी': कॅटलान बोलायला लावणारा उपक्रम

स्पेनमधील कॅटलोनिया प्रांताची राजधानी असलेल्या बार्सिलोनात स्पॅनिश आणि स्थानिक कॅटलान या दोन्ही भाषा अधिकृत आहेत. शाळेत आणि पालिकेच्या कारभारात कॅटलानला मानाचे स्थान असले, तरी रस्त्यावरच्या व्यवहारात स्पॅनिशचे पारडे जड आहे. त्यामुळे कॅटलान शिकणाऱ्याची खरी अडचण वर्गाबाहेर सुरू होते. बेकरीत जाऊन त्याने कॅटलानमध्ये पाव मागितला, की परका उच्चार कानी पडताच समोरची व्यक्ती सौजन्यानेच स्पॅनिशमध्ये उत्तर देते आणि पुढचे सगळे बोलणे त्याच भाषेत होते. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीत, 1939 ते 1975 या काळात, कॅटलान शाळांतून आणि सरकारी कचेऱ्यांतून हद्दपार झाली होती. परक्याशी स्पॅनिशमध्येच बोलावे, ही सवय काही अंशी तेव्हाचीच आहे.

'व्होलुंतारिआत पेर ला ल्येंग्वा' म्हणजेच 'भाषेसाठी स्वयंसेवा' हा विनामूल्य उपक्रम नेमक्या याच अडचणीवर उपाय करतो आणि म्हणूनच मला तो शहरातील सर्वांत मोलाची भाषासेवा वाटतो. त्यात कॅटलान सफाईने बोलणारा स्वयंसेवक आणि शिकणारा यांची जोडी लावून दिली जाते. दोघांनी साधारणपणे आठवड्यातून एक तास, असे एकूण किमान 10 तास केवळ कॅटलानमध्ये बोलायचे असते. शब्द अडला तरी स्वयंसेवकाने स्पॅनिशकडे वळायचे नाही, हे या सेवेचे मर्म आहे. कॉफी पिताना किंवा बाजारात भाजी घेताना झालेल्या अशा गप्पांतून जो धीर येतो, तो व्याकरणाच्या स्वाध्यायांतून येत नाही.

उच्चारांच्या बाबतीत मराठी माणसाला एक लाभ आहे. 'वडील' या अर्थाचा कॅटलान शब्द लिहिताना 'पारे' असा दिसतो, परंतु बार्सिलोनाच्या बोलीत आघात नसलेला शेवटचा स्वर आपल्या 'अ'च्या अगदी जवळ जातो. स्पॅनिशमध्ये हा स्वर नसल्यामुळे स्पॅनिशभाषकांना तो प्रयत्नपूर्वक साधावा लागतो. आपल्या तोंडी तो आधीपासूनच असतो.

10 तास मात्र अपुरे आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण संकोच जाऊन बोलण्याला ओघ येतो न येतो तोच ही मुदत संपते. कॅटलोनिया सरकारच्या भाषावापर सर्वेक्षणांनुसार, कॅटलान ही नेहमीच्या वापराची भाषा असल्याचे सांगणाऱ्या प्रौढांचे प्रमाण 2003 मधील 46 टक्क्यांवरून 2023 मध्ये 32.6 टक्क्यांवर आले. ही घसरण पाहता, अशा उपक्रमाचा विस्तार व्हावा असे मनापासून वाटते.

अगदीच नवख्याने आधी प्राथमिक वर्ग करावा आणि साधी वाक्ये जुळवता येऊ लागली की लगेच नाव नोंदवावे. पहिली जोडी संपल्यावर दुसऱ्या स्वयंसेवकाबरोबर पुन्हा सुरुवात करता येते आणि ती अवश्य करावी.