१५०-६०० लेन्स, तलावाकाठचे टिलवे आणि दुपारचं ऊन : हिवाळाभर वापरल्यावर

दिवाळीच्या सुमारास सेकंडहँड घेतली, क्रॉप सेन्सरच्या (म्हणजे लहान सेन्सरच्या) कॅमेरा-बॉडीवर लावतो. लेन्स पैसे वसूल करणारी आहे, पण दुपारची नाही.

चिखलातले पक्षी म्हटले की लोकांना खाडी आठवते, पण आमच्या गोंदियाकडे खाडी कुठली? आहेत ते मालगुजारी (जुन्या मालगुजारांच्या काळातले) तलाव आणि बोड्या, म्हणजे छोटी तळी. पाणी आटत गेलं की काठाचा चिखल उघडा पडतो आणि त्यावर तुतवार, चिखल्या, शेकाटे, टिलवे असे काठावरचे पक्षी उतरतात. टिलवा जेमतेम चिमणीएवढा, अंडी घालतो उत्तरेकडच्या टुंड्रात. छोटा टिलवा की टेमिंकचा, हा आमच्यातला कायमचा वाद. छोट्याचे पाय काळे, टेमिंकचे पिवळसर. पण चिखलात सगळ्यांचेच पाय काळे! आता फोटो मोठा करून पायाचा वरचा, चिखल न लागलेला भाग बघतो. निम्मे वाद तिथेच मिटतात. लेन्सचं खरं काम माझ्या लेखी हेच.

आता दुपारचं. दोन-अडीचला चिखल तापला की वरची हवा लवलवते आणि ६०० मिमीवर पिसांची पार लापशी होते. शटर १/२००० ठेवा नाहीतर ट्रायपॉड लावा, फरक शून्य. फोकस चुकला म्हणून लेन्सला शिव्या घालणाऱ्यांनी आधी तोच पक्षी साडेचारनंतर टिपून बघावा. दुपारी करायचं एकच : जवळ जायचं. पाळीवर (तलावाच्या बांधावर) उभं राहिलं की सगळा थवा उठतो. बेशरमीच्या झुडपाआड पालथं पडून बीनबॅगवर लेन्स टेकवली, की चिखल्या स्वतःच चालत इतका जवळ येतो की डोळ्याभोवतीचं पिवळं कडं स्वच्छ मिळतं. माझ्या बीनबॅगेत धान भरलंय, कोंडा भरून बघितला तर लेन्स डुलते.

६०० ला लेन्सचं छिद्र (अपर्चर) पूर्ण उघडं ठेवलं तर फोटो मऊ, म्हणजे थोडा अस्पष्ट वाटतो. छिद्र एफ/८ पर्यंत लहान करून आणि ५०० च्या आसपास पिसं मोजता येतात. शेकाट्याचं पांढरं पोट उन्हात जळतं, म्हणजे नुसतं पांढरं दिसतं, म्हणून एक्स्पोजर (फोटोतला उजेड) पाऊण स्टॉप खाली घेतो. उडत्या तुतवारामागे फोकस धावतो खरा, पण पाळीची पार्श्वभूमी आली की तिलाच जाऊन चिकटतो. यावर उपाय सापडला नाही.

वजन दोन किलोच्या घरात, तासाभरात मनगट बोलायला लागतं. जाळं टाकायला आलेल्या एका ढिवरकाकांनी विचारलं, "कितीले पडली जी हे तोप?" मी किंमत निम्मी सांगितली. तरी ते हसले.

झूम करताना नळी बाहेर येते आणि हवेबरोबर धूळही आत ओढून घेते. मळणीच्या दिवसांत शेताकडे झूम कमीच फिरवा. जुनी लेन्स घेणार असाल तर मोबाईलचा टॉर्च मागच्या काचेतून मारून आत बघाच, आणि झूमचं रबर बोटाने सरकवून बघा. माझ्या लेन्सचं मार्चच्या उन्हात सैल झालंय.