सात रस्त्याजवळचे गॅरेज आणि मागच्या चाकातला 'खट्' आवाज

माझ्या 2005 सालच्या शंभर सीसी मोटारसायकलमधून गिअर टाकताना, तसेच थ्रॉटल सोडून पुन्हा पिळताना, मागून 'खट्' असा आवाज येऊ लागला होता आणि एका ठिकाणी संपूर्ण चेन किट (चेन आणि तिची दोन्ही दातेरी चाके, म्हणजे स्प्रॉकेट) बदलूनही तो तसाच राहिला होता. अखेर सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका लहान गॅरेजमध्ये गाडी नेली.

तेथील मिस्त्रींनी पाना हातात घेण्याआधी गाडी स्वतः चालवून पाहिली. इंजिन बंद करून, न्यूट्रलमध्ये ती खड्ड्यातून नेली तेव्हा आवाज आला नाही, म्हणून शॉकअप आणि चिमटा बुश (मागचे चाक धरणाऱ्या चिमट्याच्या सांध्यातले बुश) यांच्यावरचा संशय त्यांनी तूर्त बाजूला ठेवला. पुढचा ब्रेक दाबून, गाडी मागेपुढे हलवून कोनसेटही (हँडल ज्यावर वळते ते बेअरिंग) तपासला. नंतर डबल स्टँडवर चेनकव्हर उघडले आणि स्प्रॉकेट घट्ट धरून चाक हलवले, तेव्हा स्प्रॉकेट जागीच राहूनही चाक अर्धे बोट फिरत होते. दोष हब रबरांत, म्हणजे चाकाच्या मध्यभागी बसणाऱ्या रबरी तुकड्यांत होता. इंजिनची ओढ स्प्रॉकेटकडून चाकाकडे जाताना तिचा झटका ही रबरे झेलतात. ती झिजली की मोकळ्या जागेत धातूवर धातू आदळतो. काढलेले तुकडे मी हातात घेतले: कडा झिजून गोल झालेल्या आणि नखाची खूणही उमटू नये इतके ते कठीण.

नवी रबरे बसताच आवाज थांबला आणि खर्चही चेन किटच्या तुलनेत फारच थोडा आला. गर्दीत दोन तास थांबावे लागते आणि बसायला सावली नाही, हे सोलापूरच्या उन्हाळ्यात त्रासदायकच आहे. तरीही ही गाडी मी यापुढे येथेच आणणार आहे.