पायाचा काटकोन: ३-४-५ लावावा की पूर्ण कर्ण काढावा?

घराच्या लाइनआउटला (जमिनीवर पायाची आखणी करताना) गवंडी सवयीने ३-४-५ लावतो. कोपऱ्यात भेटणाऱ्या दोन दोऱ्यांपैकी एकीवर कोपऱ्यापासून ३ फुटांवर खूण, दुसरीवर ४ फुटांवर, आणि दोन खुणांमध्ये टेप बरोबर ५ फूट भरेपर्यंत दुसरी दोरी सरकवायची. गणित बिनचूक, आकडेमोड काहीच नाही. अडचण आहे ती लांबीची. ५ फुटांच्या मापात पाव इंच चुकला, तर ४ फुटांवर दोरी सुमारे ०.४ इंच सरकते. तीच दोरी २८ फुटांपर्यंत नेली की फरक जवळजवळ ३ इंच. तेवढ्याच चुकीला ९-१२-१५ मध्ये २८ फुटांवर इंचभरच फरक पडतो. म्हणून हीच पद्धत धरायची तर जागा पुरेल तेवढ्या मोठ्या पटीत धरा. चिंचोळ्या जागेत ५-१२-१३ सोयीचे; बौधायन शुल्बसूत्रातही (यज्ञवेदी आखण्याच्या प्राचीन ग्रंथात) ते आहे.

पूर्ण कर्ण म्हणजे पायाच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंतचे माप. तो काढायला मोबाइलवरचा कॅलक्युलेटर पुरतो. २० × २८ फुटांच्या पायासाठी ४०० + ७८४ = ११८४, वर्गमूळ ३४.४१ फूट. घोटाळा होतो तो इथेच: .४१ फूट म्हणजे ४ इंच नव्हे. .४१ ला १२ ने गुणा, ४.९ इंच येतात. टेपवर ३४ फूट ४ इंच ७ सूत धरायचे (८ सूत म्हणजे १ इंच). नुसते ३४ फूट ४ इंच धरले, तर २८ फुटांच्या टोकाला कोपरा दीड इंच आत येतो. मीटरमध्ये मोजणाऱ्याला हा त्रास नाही: ६ × ८.५ मीटरचा कर्ण १०.४०४ मीटर, म्हणजे थेट १०४०४ मिलिमीटर.

दोन्ही कर्ण मोजून सारखे आहेत का पाहणे ही तिसरी रीत. तिला गणित लागत नाही, पण चारही खुंट्या आधी ठोकलेल्या हव्यात. शिवाय समोरासमोरच्या बाजू सारख्या आहेत का, तेही मोजावे लागते. कारण समद्विभुज समलंब चौकोनाचेही (दोन बाजू समांतर पण कमीजास्त, उरलेल्या दोन सारख्या) कर्ण सारखेच भरतात.

खोलीची फरशी किंवा आतली भिंत असेल तर ३-४-५ पुरे. पायासाठी मात्र पूर्ण कर्णच काढा आणि तिसऱ्या रीतीने तपासा. एल आकाराचा पाया आधी दोन आयतांत तोडून घ्या.

टेप स्टीलचा हवा, कापडी ताणला जातो. उतारावर तो जमिनीला टेकवू नका. आडवा समपातळीत धरून टोकाला ओळंबा सोडा. ३४ फुटांत २ फूट उतार असेल, तर जमिनीलगतचे माप सुमारे पाऊण इंच जास्त भरते.